दोन गावांचे एक घर

हवामान बदलते आहे, घर सज्ज करा, असा सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक घर असते. ते स्वतःच्या मालकीचे असते, त्याला गच्ची असते, गच्चीवर सौर पॅनेलला जागा असते आणि त्यासाठी बँकेत पैसेही असतात. मग यादी सुरू होते: एसी घ्या, इन्व्हर्टर घ्या, जोते उंच करा, मोठी टाकी बसवा. सुरतेच्या नवागाम-डिंडोलीत, लिंबायतमध्ये, उधन्यात राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना ही यादी वाचून दाखवली, तर ज्याच्याकडे पैसे आहेत तो एसी घेईल आणि ज्याच्याकडे नाहीत तो 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून विषय सोडून देईल. दोघांचीही फसगत होईल, कारण ही यादीच दुसऱ्या कुणाच्या घराची आहे.

माझे म्हणणे असे की, नवागाममधले मराठी कुटुंब एका घरात मावत नाही. त्याची एक चूल सुरतेत पेटते आणि दुसरी जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या गावात. दोन ठिकाणी पसरलेले असणे हीच त्याची आजवरची सुरक्षा होती आणि बदलत्या हवामानाचा घाव नेमका तिच्यावर पडतो आहे. म्हणून या कुटुंबाची तयारी खरेदीने पुरी होणार नाही. दोन्ही गावांचा हिशेब एकत्र मांडावा लागेल आणि घरमालक, शेजारी, भाऊबंद यांच्याशी संकट येण्याआधी बोलणी करावी लागतील.

१. कोणते घर वाचवायचे आहे?

सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातल्या कित्येक पिढ्या सुरतेला आल्या. कुणी डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये लागला, कुणी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, कुणी कापड मार्केटात. बायका घरी बसून साड्यांना टिकल्या आणि खडे लावतात, धागे कापतात. मजुरी नगावर मिळते. गावाकडे आईवडील असतात, एखादा भाऊ कपाशी, मका किंवा केळी करतो. सुरतेचा पगार बियाण्याला आणि खताला जातो. गावची ज्वारी आणि डाळ सुरतेत येते.

या कुटुंबाच्या दृष्टीने 'घर' म्हणजे चार गोष्टी: डोक्यावरचे छप्पर, राबणारे शरीर, दोन ठिकाणची कमाई आणि ती सिद्ध करणारे कागद. खोलीत गुडघाभर पाणी शिरले की गादी आणि धान्य भिजते, तसा व्यापाऱ्याने दिलेला साड्यांचा गठ्ठाही भिजतो. त्याची भरपाई कुणी करायची, हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. खोली हेच कामाचे ठिकाण असल्यामुळे घराचे नुकसान आणि रोजगाराचे नुकसान एकाच क्षणी होते. नुसत्या भिंतींची काळजी घेणाऱ्या सल्ल्याला हे दिसत नाही.

२. जुना विमा का कमकुवत होतो आहे

दोन ठिकाणी चूल ठेवणे हा आपल्या लोकांनी स्वतः शोधलेला विमा आहे. गावी पाऊस रुसला की सुरतेचा पगार तारतो. सुरतेत मंदी आली, मिल बंद पडली की गाव निदान जेवू घालते. या विम्याची अट एकच: दोन्ही ठिकाणी संकट एकदम येता कामा नये.

आता नकाशा पाहा. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, बुऱ्हाणपूर आणि भुसावळवरून खानदेश ओलांडते, प्रकाशा गावावरून पुढे गुजरातेत उकाई धरणात येते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. उकाईचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६२,००० चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा फार मोठा भाग मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात आहे. म्हणजे तापीला महापूर येतो तेव्हा सुरतेत शिरणारे पाणी आधी आपल्याच शिवारांवर आणि त्यांच्या वरच्या अंगाला पडलेले असते. ऑगस्ट २००६ मध्ये तेच झाले. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, धरण आधीच बरेच भरलेले होते, उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. गाव आणि शहर आपल्याला वेगळी वाटतात. नदीच्या लेखी ते एकच खोरे आहे.

हवेचे तापमान १ अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस थोड्या तासांत जास्त कोसळतो आणि दोन पावसांमधली उघडीपही लांबते. एकाच मोसमात जुलैत कपाशी सुकते, सप्टेंबरात बोंडे सडतात आणि मधेच सुरतेत खाडी, म्हणजे शहरातला मोठा नाला, भरते. रावेर-यावलच्या पट्ट्यातली केळी उन्हाळ्याच्या तोंडी उष्णतेने करपते आणि पावसाळ्याच्या तोंडी वादळाने आडवी होते. त्याच मे महिन्यात सुरतेतला कामगार पत्र्याखाली भाजत असतो.

इथे एक शंका रास्त आहे. गावी दुष्काळ असेल त्या वर्षी तापीला पूर कसा येईल? बहुधा येणार नाही, आणि म्हणून जुना विमा संपलेला नाही. पण सुरतेतला खाडीचा पूर स्थानिक पावसाने येतो, त्याला खानदेशातल्या पावसाची गरज नाही. उष्णता तर दोन्हीकडे एकाच वेळी येते. वाईट वर्षे पूर्वी आलटून-पालटून यायची. आता एकाच वर्षात दोन्हीकडचे वाईट महिने येण्याची शक्यता वाढली आहे. विमा असा विरळ होत असताना त्याच्याच भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

३. पाणी: नदीचा पूर वेगळा, खाडीचा वेगळा

सुरतेत 'पूर' म्हटले की २००६ आठवते आणि २००६ म्हटले की उकाई. या आठवणीमुळे दोन वेगळ्या संकटांची गल्लत होते.

नदीचा पूर वरून येतो. उकाई सुरतेपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. धरणाची पूर्ण पातळी ३४५ फूट आहे, पावसाळ्यात ती टप्प्याटप्प्याने गाठायची असते आणि किती पाणी सोडले हे जाहीर होते. म्हणजे या पुराची खबर आधी मिळते. ती मिळाल्यावर माणसे, कागद आणि औषधे घेऊन उंच जागी जाणे हीच तयारी.

खाडीचा पूर खबर देत नाही. मिठी खाडीसारखे नाले शहराच्या आणि आसपासच्या शिवारांच्या पावसाने भरतात. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर पाणी उतरायला जागा मिळत नाही. जून २०२५ मध्ये पावसाळ्याच्या आरंभीच लिंबायत, पर्वत पाटिया भागांनी हे सोसले. तेव्हा उकाईच्या पातळीकडे बघत बसण्यात काही अर्थ नव्हता.

खाडीच्या पुरात पाणी दारातून येण्याआधी अनेकदा मोरीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर येते. म्हणून उंबऱ्यावर वाळूच्या गोण्या रचूनही खोली भरते. गटाराच्या जोडणीवर पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवणे, तो नसेल तर भांड्यात वाळूची पिशवी दाबून बसवणे हे जोते उंच करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. विजेचे बोर्ड छातीच्या उंचीवर हवेत, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवा आणि मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या मोठ्या मुलालाही माहीत हवे. गॅसचा सिलिंडर बांधलेला हवा. साड्यांचे गठ्ठे जमिनीवर ठेवण्याची सवय जूनपासून सप्टेंबरपर्यंत मोडायला हवी.

पाणी ओसरल्यावर दुसरे संकट सुरू होते. दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळी आजार ओळखीचा आहे; उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून तो शरीरात शिरतो. पुरानंतरच्या दिवसांत ताप आला तर 'मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो' हे वाक्य डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचे. त्या एका वाक्याने निदान लवकर होते आणि लवकर निदान झाले तर उपचार सोपे असतात.

४. ऊन: आकडा कमी म्हणून धोका कमी, हा भ्रम

खानदेशातून आलेला माणूस सुरतेचे ऊन मनावर घेत नाही. भुसावळ-जळगावची ४५ अंशांची सवय असलेल्याला सुरतेचे ३८-३९ काय वाटणार? हा समज सर्वांत घातक आहे. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. भुसावळच्या कोरड्या हवेत घाम झटकन वाळतो. समुद्राजवळच्या सुरतेत तो अंगावर निथळत राहतो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशाला कमाल तापमानाचा ४० अंशांचा आणि किनारपट्टीला ३७ अंशांचा उंबरठा ठेवला आहे, म्हणजे किनाऱ्यावर कमी आकडाही धोक्याचा मानला जातो.

उष्णता किती माणसे नेते, हे अहमदाबादने दाखवून दिले. मे २०१० मधल्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यातून २०१३ मध्ये शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला, तो दक्षिण आशियातला पहिला मानला जातो. या मृत्यूंचा आवाज होत नाही. दाखल्यावर हृदयविकार लिहिले जाते किंवा मूत्रपिंड निकामी झाल्याची नोंद होते.

नवागामच्या घरात या संकटाचे एक वेगळे रूप आहे. मिलमध्ये आणि मशीनवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो, म्हणजे भर दुपारी, वरच्या मजल्यावर, तापलेल्या पत्र्याखाली झोपतो. त्याचे शरीर रात्री मशीनच्या धगीत आणि दिवसा छताच्या धगीत असते. त्याला थंड होण्याची वेळच मिळत नाही. तेव्हा पहिली तयारी बिनपैशाची आहे: घरातली सर्वांत थंड जागा दिवसा झोपणाऱ्याची. तळमजल्याची खोली पाहुण्यांसाठी किंवा टीव्हीसाठी राखून कमावत्या माणसाला पत्र्याखाली झोपवणे हा हिशेबच उलटा आहे. दुपारी घरी बसून टिकल्या लावणाऱ्या बाईलाही हाच न्याय लागू होतो. तिचे बसणे खिडकीच्या उजेडासाठी वरच्या खोलीत असेल, तर एप्रिल-मेमध्ये कामाची वेळ सकाळ-संध्याकाळकडे सरकवावी लागेल.

दुसरी तयारी छताची. सिमेंटच्या पत्र्यावर किंवा स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात मारला की छत कमी तापते आणि आतले तापमान काही अंशांनी उतरते. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग लागतो. महिला हाउसिंग ट्रस्टने गरीब वस्त्यांमध्ये अशी थंड छपरे करून दाखवली आहेत. एसीचा मार्ग मी नाकारत नाही. आजारी माणसासाठी, तान्ह्या बाळासाठी तो गरजेचा असेल. पण एसी वीज असेपर्यंतच चालतो, आणि लाटेच्या दिवसांतच विजेवर ताण येतो. चुना विजेवाचून चालतो.

५. एकाची सोय, गल्लीची अडचण

प्रत्येकाने आपापले घर सांभाळले तर सर्वांची घरे सुरक्षित होतील, हे गृहीतक दाट वस्तीत खोटे ठरते. एकाने जोते दोन फूट उचलले की त्याच्या दारातले पाणी शेजारच्या जुन्या घरात जाते. ओटा गटारावर पुढे आणला की गटार साफ करता येत नाही. एसीची गरम हवा अरुंद गल्लीत सोडली की समोरच्या खोलीची खिडकी बंद होते. टंचाईच्या भीतीने भरून ठेवलेली, झाकण नसलेली पाण्याची टाकी डेंग्यूच्या डासाला घर देते, आणि तो डास चावताना टाकीचा मालक कोण हे विचारत नाही.

म्हणून घराच्या तयारीचे सर्वांत लहान एकक गल्ली आहे. एका गल्लीत वीस-तीस घरे असतील तर चार गोष्टी आधी ठरवता येतात. पक्का वरचा मजला कुणाचा आहे आणि पाणी आले तर तळमजल्यावरची कोणती कुटुंबे तिथे जातील. एकटे राहणारे म्हातारे, गरोदर बाई, डायलिसिसचा किंवा साखरेचा रुग्ण कुठे आहे आणि लाटेच्या दिवसांत रोज दुपारी त्यांच्याकडे कोण डोकावेल. गटारावरचे ओटे कोण मागे घेईल. आणि दर पुराची खूण रंगाने, तारखेसह, कोणत्या भिंतीवर केली जाईल. ही खूण केवळ आठवण ठेवण्यासाठी नाही. महापालिकेकडे 'आमच्याकडे पाणी येते' असे सांगणाऱ्या वस्तीपेक्षा 'तीन वर्षांत अमुक तारखांना इथपर्यंत आले' असे दाखवणाऱ्या वस्तीचे म्हणणे टाळणे कठीण असते.

६. कागद, पैसा आणि गावचा सातबारा

पुरानंतर मदत मिळते ती कागद दाखवणाऱ्याला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे बहुतेकदा खोलीचा कागद नसतो, आधारवर पत्ता गावचा असतो आणि रेशनकार्डही गावचे असते. अकरा महिन्यांचा भाडेकरार नीट लिहून घेणे, एक देश एक रेशनकार्ड योजनेखाली सुरतेत धान्य मिळते का हे शांत दिवसांतच दुकानात जाऊन पाहणे, मूळ कागद प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत आणि त्यांचे फोटो दोन नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये ठेवणे ही कामे छताइतकीच घराची कामे आहेत. वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण देते. कमावत्या प्रत्येकाच्या खात्यावर ती चालू आहे का, हे एकदा पासबुकात पाहावे.

आता दुसरी चूल. सातबाऱ्यावर नाव सुरतेत राहणाऱ्या भावाचे आणि शेत कसणारा दुसराच, अशी स्थिती घरोघरी आहे. पीकविम्याची कामे ठरलेल्या मुदतीतच करावी लागतात. पिकाची नोंद ई-पीक पाहणीत झालेली असावी लागते आणि ती शेतात उभे राहून मोबाइलवर करायची असते. विम्याचा अर्ज कुणाच्या नावाने, बँक खाते कुणाचे, ओटीपी कुणाच्या फोनवर येणार, गावातून फोटो कोण पाठवणार, हे आधी ठरले नसेल तर ती मुदत फोनाफोनीत जाते. हवामानाचा धोका गावात, विम्याची किल्ली सुरतेत: दोन गावांच्या घराची ही खरी फट आहे आणि ती बुजवायला एक पैसाही लागत नाही.

उष्णतेने बुडालेल्या मजुरीचाही प्रश्न आहे. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेने २०२३ पासून गुजरातेत आपल्या सदस्य महिलांसाठी उष्णतेचा विमा आणला. तापमानाने ठरलेली मर्यादा ओलांडली की थोडी रक्कम खात्यात येते. रक्कम लहान असते, पण उन्हाने बुडलेली मजुरी हे मोजता येणारे नुकसान आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. घरबसल्या काम करणाऱ्या नवागामच्या बायकांनी एकत्र येऊन हे मागायला हवे.

७. तीन आक्षेप

*'हे सगळे सरकारचे काम आहे.'* मोठा भाग नक्कीच आहे. खाडीची रुंदी राखणे, गटारे, धरणातून पाणी कधी किती सोडायचे, हे कोणतेही कुटुंब करू शकत नाही. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत महापालिकेने शहराची सफाई बदलून दाखवली. २००६ नंतर हवामान-सज्जतेच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात हे शहर सामील झाले. म्हणजे यंत्रणा ठरवले तर करते. पण यंत्रणेचे काम खाडीपर्यंत येते; रातपाळीचा माणूस कुठे झोपेल हे ती ठरवत नाही. आणि ज्या वस्तीने आपले काम केले आहे, तिची मागणी अधिक ठोस असते. घराची तयारी ही सरकारला दिलेली सूट मानू नये.

*'आम्ही भाडेकरू आहोत, छत आमचे नाही.'* खरे आहे, आणि म्हणूनच बोलणी आधी हवी. चुना लावण्याचा खर्च थोडा असतो आणि छताचे आयुष्य वाढते, त्यात घरमालकाचाही फायदा आहे. करार नव्याने होताना चुना, बोर्डाची उंची आणि गटाराचा व्हॉल्व्ह या तीन गोष्टी मागता येतात. एकट्याने मागितल्या तर नकार मिळेल. एकाच मालकाच्या दहा खोल्यांनी मागितल्या तर विचार होईल.

*'अति झाले तर गावी जाऊ.'* हा आधार मोलाचा आहे, पण तो आपोआप टिकत नाही. गावच्या घराचे धाबे गळत असेल, विहीर मार्चमध्ये आटत असेल, तर संकटात चार माणसे आणखी येऊन पडणे हे गावच्या चुलीवर ओझे होईल. गावाला आश्रयस्थान म्हणायचे असेल तर सुरतेच्या कमाईतला काही भाग गावच्या छपरावर आणि पाण्यावर दरवर्षी खर्च झाला पाहिजे.

८. केव्हा आणि कुणी

यासाठी नवी समिती नको, नवा दिवसही नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सुरतेची माणसे गावी जातात आणि भाऊबंद एका ओट्यावर बसतात. तो काळ एप्रिल-मेचा: ऊन ऐन भरात आलेले असते आणि मृग नक्षत्राला काही आठवडे उरलेले असतात. दोन्ही चुलींचा हिशेब मांडायला खानदेशात याहून योग्य वेळ नाही. पीकविम्याची जबाबदारी कुणाची, कागदांचे फोटो कुणाकडे, गावच्या छपराला यंदा किती पैसे, पुरात मुलांना कोण नेणार, हे तिथे ठरावे. सुरतेला परतल्यावर मृगाच्या आधी गल्लीने बसून आपली चार कामे ठरवावीत. आणि या बैठकांत घरबसल्या काम करणाऱ्या बायकांचे म्हणणे पहिले ऐकावे, कारण पाणी कुठून शिरते आणि खोली किती वाजता तापते, हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते.

नवागामच्या, डिंडोलीच्या, लिंबायतच्या प्रत्येक मराठी कुटुंबाला माझी विनंती आहे: येत्या आखाजीला, पाहुणे पांगण्याआधी, एक तास या बोलण्यासाठी काढा. काय विकत घ्यायचे ते नंतर ठरवता येईल. कुणी काय करायचे, ते आधी ठरवा.